पंच कुठे मारण्यात यावा?

माझ्या मावशीबद्दल कॉलेजात एक गोष्ट सांगतात. तिने म्हणे नव्या विभागाचा बारा पानी अर्ज प्राचार्यांच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडला, तुकडे टेबलावर भिरकावले आणि ‘घ्या तुमचा कागद!’ म्हणून तरातरा निघून गेली. प्राचार्या इतक्या घाबरल्या की त्यांनी दुसऱ्याच दिवशी डिझाइनचा वेगळा विभाग देऊन टाकला. कँटीनवाला ही गोष्ट सांगताना ‘टराटरा’ला खांद्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी ताणून दाखवतो. रुमाल फाटत नाही, पण ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता खरं काय ते ऐका. मावशी कागद फाडत नाही. दुसऱ्या कुणी फाडला तरी तिच्या अंगावर काटा येतो. तिने तो अर्ज कापला. खिडकीजवळच्या टेबलावर, स्टीलची पट्टी धरून, कटरला नवं पातं लावून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून, अगदी सरळ रेषेत कापला. मग तुकडे नीट लावले, नव्या कागदावर चिकटवले, घडी घातली आणि आवक-जावकच्या खिडकीत ‘नमस्कार’ म्हणून दिला. प्राचार्या त्या दिवशी रजेवर होत्या. आणि त्या अर्जापायी विभाग मिळाला नाही. मिळायचा तो बुडायला आला होता.

मावशी मुळात खोकीवाली. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तिने अकरा वर्षं काढली. कुठली वस्तू कशात घालायची, पुठ्ठा कुठे कापायचा, कुठे मुडपायचा, हे ती ठरवायची. कारखान्यात असतानाच ती संध्याकाळी या कम्युनिटी कॉलेजात शिकायला आली. दिवसभर राबून आलेल्या माणसांचंच ते कॉलेज. कुणी बस चालवणारा, कुणी दवाखान्यात वॉर्ड सांभाळणारी, कुणी शिंपी. शिकता शिकता ती शिकवायलाच लागली आणि गेली नऊ वर्षं डिझाइन शिकवतेय.

घरीदारी तिची एकच खोड. कुठेही गेली की आधी खुर्ची उलटी करून बघायची. आजी, म्हणजे तिची आई, कपाळावर हात मारून म्हणते, “माणसं पाहुण्यांकडे जाऊन चेहरे बघतात. आमचं रत्न खुर्चीचं बूड बघतं!”

“चेहरा खोटं बोलतो, आई. बूड नाही बोलत,” मावशी खुर्चीखालूनच उत्तर देते.

विद्यार्थ्यांना तिचा पहिला धडाही तोच. काही बनवायचं नाही. आधी बघायचं. जो वस्तू वापरतो त्याच्या मागे मागे हिंडायचं, तो कुठे अडतो, कुठे शिवी घालतो, कुठे हात पुसतो, ते लिहायचं. “आधी बघ, मग बोल,” हे ती इतक्यांदा म्हणते की तिचा एक विद्यार्थी, पन्नाशीचा बस-ड्रायव्हर, बसमध्ये दारात लटकणाऱ्यांनाही तेच ऐकवायला लागला होता.

पण डिझाइनला स्वतःचं घर नव्हतं. कागदोपत्री ते चित्रकला विभागाचं पोटभाडेकरू. रेखाटन तिसऱ्या मजल्यावर, चित्रकलेच्या खोलीत, तेही मंगळवार-गुरुवार. संगणक दुसऱ्यावर. करवत आणि ड्रिल तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये. बिचारं मॉडेल तिसऱ्या मजल्यावर जन्माला यायचं, तळमजल्यावर त्याची काटछाट व्हायची आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा एखादा पाय जिन्यात गेलेला असायचा. एकदा वॉर्डातल्या ताईने पेशंटसाठी बनवलेला ट्रे चौथ्यांदा जिन्यावरून पडला, तेव्हा ती पायरीवरच बसली. “मॅडम, मी ट्रे शिकतेय की गिर्यारोहण?”

मावशी हसली. पण तिच्या डोक्यात तेव्हाच वेगळ्या चुलीने घर केलं.

मग एक परिपत्रक आलं. ज्या अभ्यासक्रमाला स्वतःचा विभाग नाही, तो पुढच्या वर्षापासून बंद. ज्यांना विभाग हवा असेल त्यांनी परिषदेच्या बैठकीआधी विहित नमुन्यात अर्ज करावा. परिषद वर्षातून दोनदाच भरते. ही चुकली की संपलं. सव्वीस विद्यार्थी, नऊ वर्षं, सगळं एका अर्जावर टांगलेलं.

आणि तो अर्ज! विभागाचं नाव पहिल्या पानावर, त्याचा उद्देश नवव्या पानावर. ‘जागेचा तपशील’ लिहायला दीड इंच ओळ आणि ‘इतर’ लिहायला अख्खं पान. सातवा प्रश्न ‘वरीलप्रमाणे नसल्यास खालीलप्रमाणे असल्याचे कारण’. मावशीने तो तीनदा वाचला. ज्या बाईला शेजारणीच्या डब्याचं वाकडं झाकण बघून झोप येत नाही, तिच्या हातात हे बारा पानी झाकण आलं.

“भरून टाक ना गं,” आजी म्हणाली. “तुला विभाग हवाय की अर्जाचं सौंदर्य?”

“आई, डिझाइनचा विभाग मागायचा आणि असल्या कागदावर मागायचा? म्हणजे फाटके कपडे घालून शिंप्याच्या नोकरीला जाण्यातला प्रकार.”

तीन दिवसांत तिने बारा पानांचा एक मोठा कागद केला. प्रश्न तेच, शब्द तेच, क्रम मात्र माणसाच्या डोक्याचा. उघडला की पहिल्या घडीत कोण आणि का, दुसऱ्या घडीत कुठे आणि कसं, तिसऱ्यात सह्या. खोक्यासारखा उघडायचा आणि खोक्यासारखा मिटायचा. आजीनेसुद्धा चार वेळा उघडमीट करून बघितला. “चांगलाय गं,” म्हणाली, आणि आजी हे वर्षातून एकदाच म्हणते.

आवक-जावकच्या खिडकीमागे जे गृहस्थ बसतात त्यांना सगळे मागून ‘शिक्का’ म्हणतात आणि समोर ‘भाऊसाहेब’. भाऊसाहेबांच्या वाक्यात करणारा माणूस नसतोच. ‘मी जेवलो’ असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. ‘जेवण झालेलं आहे.’ चहा विचारला तर ‘घेण्यात येईल.’ त्यांनी मावशीचा अर्ज हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. चष्मा कपाळावर गेला.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण पंच कुठे मारण्यात यावा?”

“काय?”

“पंच. फाईलला. डावीकडे मारला तर घडीवर येतो. वर मारला तर नावातून जातो.”

मावशीला वाटलं, हा चेष्टा करतोय. नऊ वर्षांचं काम, आणि या माणसाला भोकांची पडलीय!

“भाऊसाहेब, तुम्ही आत काय लिहिलंय ते वाचा ना आधी.”

“वाचणं परिषदेचं काम. इथे लावण्यात येतं.” असं म्हणून त्यांनी वरच्या कोपऱ्यात एक शिक्का मारला, ‘विहित नमुन्यात नाही’, आणि अर्ज परत सरकवला. अगदी काळजीपूर्वक, घडी न मोडता. तेवढं मात्र मानावं लागेल.

घरी येऊन मावशीने जो काही थयथयाट केला! खिडकीमागचा दगड काय, दगडालाही शेवाळ धरतं, याला तेही नाही काय. मी तिला भाऊसाहेबांच्या आवाजात म्हटलं, “राग आलेला आहे. पाणी पिण्यात यावं.” ती हसली नाही. त्यावरून कळलं की प्रकरण गंभीर आहे. बैठकीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या खिडकीशी गेली. भांडायला नव्हे, पुरावा गोळा करायला. हा माणूस लोकांना कसा छळतो ते लिहून काढायचं, सव्वीस विद्यार्थ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि थेट प्राचार्यांपुढे ठेवायचं, असा तिचा बेत. खिडकीसमोरच्या बाकावर वही उघडून बसली. पहिल्या तासात तिने सतरा माणसं परत जाताना बघितली. दुसऱ्या तासाला बाकावरून माणसांची फक्त पाठ दिसते म्हणून ती उठून खिडकीच्या बाजूला गेली. आणि तिथून तिला पहिल्यांदा भाऊसाहेबांचे हात दिसले.

अर्ज आला की ते पहिल्या पानावरचं नाव एका वहीत लिहायचे. मग नववं पान काढून त्यातली एक ओळ दुसऱ्या वहीत. मग चौथं, मग परत पहिलं. पान धरून ठेवायला डाव्या हाताचं कोपर. पंच मारायचा, दोरी ओवायची, गाठ, फाईल कपाटात. कपाटाचा खण कागदाच्याच मापाचा, बोटभरही मोठा नाही. एका अर्जाला अकरा मिनिटं. तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी ‘ओ, झोपलात काय?’ म्हणायचं. वीस वर्षं हेच.

मावशीच्या हातातली पेन्सिल थांबली.

तिचा घडीचा सुंदर कागद त्या खणात मावलाच नसता. पंच मारला असता तर घडीवर आला असता, नाहीतर नावातून गेला असता. दोरी ओवून झाल्यावर तो उघडलाही नसता. कारखान्यात अकरा वर्षं खोकं बनवण्याआधी तिचा पहिला प्रश्न असायचा, हे उचलणार कोण, ठेवणार कुठे? आणि स्वतःच्या अर्जाच्या वेळी तिने भरणाऱ्याचा विचार केला, वाचणाऱ्याचा केला. लावणाऱ्याचा केलाच नाही. तो बिचारा पहिल्याच मिनिटाला नेमका प्रश्न विचारत होता, आणि ही त्याला वाचायला शिकवत होती.

विद्यार्थ्यांना रोज पढवलेला मंत्र आणि स्वतःच्याच घरात अंधार! दुसरा कुणी असता तर मूग गिळून घरी गेला असता. मावशी खिडकीत वाकली.

“भाऊसाहेब, माझं चुकलं. पंचाचं तुमचं बरोबर होतं.”

भाऊसाहेबांचा शिक्का हवेतच राहिला. वीस वर्षांत त्या खिडकीतून हे वाक्य आत आलेलं नव्हतं.

“मी दोन-तीन दिवस इथे बसू का? तुम्ही काम कसं करता ते बघायचंय.”

त्यांनी शिक्का खाली ठेवला. “खुर्ची देण्यात येईल,” म्हणाले. आणि स्वतःची दिली.

मावशीने अर्थातच आधी ती उलटी करून बघितली.

तीन दिवस ती आत बसली. भाऊसाहेब आधी गप्प, मग एकेक शब्द, मग पूर आला. सातव्या प्रश्नाला काहीच अर्थ नाही हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. “मग सांगितलं नाहीत कुणाला?” “विचारण्यात आलं नाही.” त्यांच्या वह्यांचा क्रम, कपाटाचा क्रम, कुठली फाईल कधी फुगते, सगळं त्यांच्या बोटांत होतं.

तिसऱ्या दिवशी मावशी आवकची वही चाळत होती, भाऊसाहेब कसं लिहितात ते बघायला. एक नोंद तिला ओळखीची वाटली. मागच्या वर्षीच्या वहीत तीच. त्याच्या मागच्या वर्षीही तीच. सहा वर्षं, दरवर्षी एक पत्र, प्रेषक चित्रकला विभागप्रमुख, विषय : ‘खोली क्रमांक ३०४ मंगळवार व गुरुवार परत मिळणेबाबत’.

चित्रकला विभागप्रमुखांना आम्ही ‘हलके सर’ म्हणतो, कारण ते ब्रशपासून जगापर्यंत सगळ्यांना एकच सांगतात, “ह-ल-क्या हाताने!” पोटभाडेकरू बाहेर पडायचा तर परिषदेत घरमालकाची संमती हवी, त्यांनी अनुमोदन दिलं नाही तर ठराव पुढे सरकत नाही. आणि सर सगळीकडे सांगत सुटले होते की ही बाई माझ्या विभागाची पोरं पळवतेय. ३०४ म्हणजे त्यांची लाडकी खोली. उत्तरेचा उजेड. ऊन मावळेपर्यंत एकसारखा, सावली न हलणारा. पोर्ट्रेट करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. मंगळवारी आणि गुरुवारी मात्र तिथे मावशीचे विद्यार्थी पुठ्ठे कापत बसायचे.

आणि मावशीच्या अर्जात जागेच्या दीड इंच ओळीत तिने काय लिहिलं होतं? ‘खोली क्रमांक ३०४, कायमस्वरूपी.’

तिने भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब छताकडे बघत होते.

“इथे काही सांगण्यात आलेलं नाही,” ते म्हणाले. “फक्त वही उघडी होती.”

त्या दुपारी मावशी टेप घेऊन वर्कशॉपच्या मागच्या गोदामात गेली. मोडके बाक, गंजलेली कपाटं, कोळ्यांच्या चार पिढ्या. कपाटांच्या मागे हात घालून बघितलं तर भिंतीला चार खिडक्या, पार झाकलेल्या. वर्कशॉपचं दार सात पावलांवर. जिना नाही. एकही पायरी नाही. तिच्या स्वतःच्या लक्षात आलं की ३०४ तिला कामासाठी नकोच होती. वरच्या मजल्यावर, उजेडात, मानाने बसायचं होतं म्हणून हवी होती. तिने ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग विहित नमुना घेतला. तोच, बारा पानी, वाकडा. निळ्या बॉलपेनने एकेक ओळ भरली. सातव्या प्रश्नालासुद्धा उत्तर दिलं. डावीकडे पंचापुरती दोन बोटं जागा सोडली. मुदतीच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी तो घेतला, पंच मारला, दोरी ओवली, एकही अक्षर गेलं नाही. “स्वीकारण्यात आला,” म्हणाले, आणि मग इकडे तिकडे बघून हळूच, “चांगला भरलात.” या वाक्यात करणारा माणूस होता. मावशीने घरी येऊन मला ते वाक्य तीनदा ऐकवलं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आमची पैज लागली. मी म्हटलं, हलके सर अनुमोदन देणं शक्यच नाही, ते खुर्चीला चिकटून बसतील. मावशी म्हणाली, “ते नुसतं अनुमोदन देणार नाहीत. सगळ्यांच्या आधी देतील.”

“तू जाऊन बोललीस त्यांच्याशी?”

“एक शब्द नाही. अर्ज त्यांनाही वाचायला मिळालाय. जागेची ओळ दीड इंचाची आहे, नजरेतून सुटणार नाही.”

“लावतेस पैज?”

“लावते. तू हरलीस तर तिसऱ्या मजल्यावरची आमची सगळी स्टुलं तू खाली आणायचीस.”

“आणि तू हरलीस तर?”

“मी हरले तर खाली आणायला काही उरणारच नाही गं.” ती हे हसत म्हणाली, पण हातातला कप तिने चार वेळा फिरवला.

बैठकीत प्राचार्यांनी विषय वाचला. त्यांचं वाक्य ठरलेलं, “बघू या हं आपण, बघू या,” आणि बघता बघता विषय पुढच्या वर्षावर जातो. मावशी टोकाच्या खुर्चीवर, हात मांडीवर घट्ट. तिने बोलावलेली माणसं तेवढी बोलली. बस-ड्रायव्हरने त्याने बनवलेली दाराची मूठ आणली होती. म्हाताऱ्या माणसाला चढताना नेमकी हाताशी येते ती. वॉर्डातल्या ताईने ट्रे आणला, पाचवा, जो पडलेला नव्हता. एका हाताने उचलून तो प्राचार्यांपुढे फिरवला, वरचं पाणी हललं नाही.

“बघू या हं,” प्राचार्या म्हणाल्या. “अनुमोदन कुणाचं? चित्रकला?”

हलके सर अर्जाचं पान डोळ्यांजवळ धरून होते. पुन्हा वाचलं. मग पान खाली ठेवलं.

“बाई,” ते मावशीला म्हणाले, “ते गोदाम... तिथे उजेड नाही.”

“चार खिडक्या आहेत, सर. कपाटं हलवली की येईल.”

“आणि ३०४?”

“ती तुमची. सातही दिवस.”

सर उभे राहिले. सभेत उभं राहून बोलायची पद्धत नाही, तरी उभे राहिले. “माझं अनुमोदन आहे,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “आणि नोंदीत हेही लिहा, की ही बाई जाते म्हणून विभाग लहान होईल, पण रेखाटन शिकवायला मी खाली जाईन. आठवड्यातून एकदा. बोलावलं तर.”

“बोलावलं, सर,” मावशी म्हणाली.

अकरा हात वर गेले. विरोधात एकही नाही. भाऊसाहेबांनी ठरावावर शिक्का मारला तो असा, की टेबलावरच्या ट्रेमधलं पाणी अखेर हललं.

त्या कॉलेजला आता डिझाइन विभाग आहे. स्वतःचा, दारावर नाव असलेला. एका खोक्यांच्या कारखान्यातून आलेल्या बाईने तो मागून, चुकून, चूक कबूल करून आणि पुन्हा मागून मिळवला. पहिल्याच आठवड्यात विभागाच्या नावाने पहिलं पत्र आलं, आवक-जावकच्या खिडकीतून, आवक-जावकच्याच शिक्क्यासह. विषय : ‘प्रवेश अर्ज सुधारून मिळणेबाबत’. आजीने ते वाचून दाखवायला लावलं, आणि ‘चांगलंय गं’ म्हणाली. त्याच वर्षात दुसऱ्यांदा.

आणि स्टुलं बत्तीस होती. लाकडी, चारपायी, प्रत्येकी तीन मजले. बाविसाव्याला माझे गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या मजल्याच्या दारात हलके सर उभे राहून प्रत्येक स्टुलाला “ह-ल-क्या हाताने!” म्हणत होते, आणि खाली उघड्या खिडकीत बसून मावशी आलेलं प्रत्येक स्टूल उलटं करून बघत होती. एकतिसाव्याला मी विचारलं, निदान शेवटचं तरी ती आणेल का. ती म्हणाली, “पैज सगळ्यांची होती.” मी परत वर गेले.